पायमशीनचा आवाज

“गेल्या दोन आठवड्यांत खोकल्यामुळे चारचौघांत लाज वाटली का?” बारामतीच्या दवाखान्यात श्रेया सिस्टरने पुढचा प्रश्न वाचला.

“न्हाय,” म्हाळसा म्हणाली. “चारचौघांत जातंय कोण?”

श्रेया हसली आणि तिने ‘कधीच नाही’वर खूण केली.

म्हाळसाला सिस्टिक फायब्रोसिस होता, फुप्फुसांत चिकट कफ साचत जाण्याचा आजार. तो जन्माचा, त्याचे नाव मात्र चाळिशीत कळले. तोवर दोनदा टीबीची औषधे खाऊन झाली होती. आता दर तीन महिन्यांनी खोकल्याचा हा एकोणीस प्रश्नांचा कागद. त्रास वाढलेला दिसला, की डॉक्टर तिला दोन आठवडे दाखल करून सलाइनमधून औषध देणार होते.

“घरच्यांना तुमच्या खोकल्याचा त्रास होतो?”

“हिलाच इचारा की. दिसभर ओट्यावर बसल्याली आसती, परीक्षेचं वाचत.”

प्राचीने आईकडे पाहिले. आई पदराच्या दशा मोजत होती.

“खरंच फार नाही,” प्राची म्हणाली. “शिवणाचं मशीनच चालू असतं तिचं. खोकला कधीतरी ऐकू येतो.”

कागदावर त्रास वाढलेला दिसला नाही, दाखल करायची गरज पडली नाही. भिगवणच्या एसटीत म्हाळसाने खिडकी धरली आणि अख्खा पेरू खाल्ला.

दोन महिन्यांनी तिला उचलूनच दवाखान्यात न्यावे लागले. तिसऱ्या दिवशी ती गेली.

तेराव्यानंतर शेजारच्या द्वारकाबाई आपले ब्लाउजचे कापड न्यायला आल्या. कापड घडीतच होते.

“बघ, कातरबी लागली न्हाय. दिसभर खडखड, आन् ब्लाउज मिळाया म्हैना. मी म्हणायची, म्हाळसे, मशीन शिवतंय का नुसतं पळतंय?”

“मग?”

“मग काय! खोकल्याची उबळ आली की पाय मारायची. माझ्याम्होरंबी. म्हणायची, भाईर पोरगी वाचतीय.” द्वारकाबाई थबकल्या. “तुला म्हाईत न्हवतं व्हय गं?”

प्राचीने मशीनकडे पाहिले. सुईत दोरा नव्हता.

“चहा टाकते,” ती म्हणाली. पण चुलीकडे न जाता ती आईच्या स्टुलावर बसली. रडू आवरेना, तशी तिने हाताने चाक फिरवले आणि पाय मारायला सुरुवात केली.

द्वारकाबाईंनी कापड काखोटीला मारले. अंगणातून त्या काहीतरी म्हणाल्या. त्या फाटकाबाहेर जाईपर्यंत प्राचीने पाय थांबवले नाहीत.