मामाच्या जबड्यातला स्क्रू

सुतारमामाचं अर्धं आयुष्य तोंडात स्क्रू धरण्यात गेलं. दोन्ही हात कपाटाच्या दाराला गुंतलेले, मग स्क्रू ठेवायचे कुठे? ओठांत. अडकलेला खिळा उपटायचा कशानं? दातानं. डब्याचं झाकण? तेही दातानं. दातांची अशी पक्कड करता करता खालची एक दाढ मोडली, काढावी लागली. मग तिच्या समोरची वरची दाढ, शेजारीण गाव सोडून गेल्यावर तिच्या खिडकीतून डोकावावं तशी, हळूच खाली उतरू लागली. मामाला त्याचं काहीच वाटलं नाही. वाटलं ते भाचीला.

भाची दातांची डॉक्टर. स्वतःचा दवाखाना नुकता उघडलेला. दारं, कपाटं, बाकडी सगळी मामानंच केलेली. तिनं मामाच्या तोंडात आरसा घातला आणि म्हणाली, "खाली नवी दाढ बसवायला वरचीनं जागाच ठेवली नाही. तिला आधी वर ढकलायला हवं. हिरडीतून हाडात एक बारीक स्क्रू बसवू, त्याला रबर लावून दाढ ओढू."

"स्क्रू?" मामा पोट धरून हसला. "अगं, माझ्या तोंडाला स्क्रूचं काय नवल!"

"ओठात धरणं वेगळं, मामा. हा दोन दातांच्या मुळांमधून जाणार. तिथं फट असते ती एवढीशी." तिनं नखाची कड दाखवली. "म्हणून मी हिरडीच तेवढी बधिर करणार. दात जागा राहील. स्क्रू मुळाला टेकला तर कळ येईल. आली की हात वर. लगेच. कबूल?"

"कबूल."

कबूल करणं मामाला सोपं जायचं. गिऱ्हाइकांना न पाळायच्या तारखा कबूल करण्यात त्याचा हात बसला होता.

खुर्ची मागे झुकली. दिवा डोळ्यांवर आला. भाचीचा पहिलाच स्क्रू होता हा, स्वतःच्या दवाखान्यातला. तिच्या कपाळावरचा घाम मामाला खालून स्पष्ट दिसत होता. ही पोर लहानपणी त्याच्या कारखान्यात भुशावर मांडी घालून बसायची. फळीच्या तुकड्यावर तिच्या हातून पहिला स्क्रू त्यानंच फिरवून घेतला होता, आणि वर एक ओळही जुळवून दिली होती: 'फिर गं बाई हळूहळू, अडली वाट तर मागे वळू.' ती गात गात फिरवायची, आणि वाकडा गेला की ओळीलाच रागवायची.

आता ती गात नव्हती. मनगट मात्र तेच. मामा आढ्याकडे बघत मनात म्हणाला, वा, पकड चांगली आहे हो. आणि तेवढ्यात कळ आली. बारीक, गार, थेट डोळ्यामागे जाणारी.

हात वर करायचा होता. पण मामाचा सगळ्या जगाला एकच दम असायचा: काम करणाऱ्याच्या मध्ये बोलायचं नाही. 'जरा डावीकडे घ्या हो' म्हणणाऱ्या किती गिऱ्हाइकांना त्यानं कारखान्याबाहेर बसवलं होतं! आता आपणच ते गिऱ्हाईक व्हायचं? शिवाय पोरीचा हात घाबरला तर?

भाची थांबली. "मामा, जरा जड लागतंय. दुखतंय का?"

मामानं अंगठा वर केला. झकास, असा.

तिनं आणखी अर्धा पीळ दिला.

घरी येऊन मामानं मामीला, दूधवाल्याला, समोरच्या शिंप्याला, सगळ्यांना सांगितलं, "मुंगी चावल्याएवढंही नाही." सांगून झाल्यावर त्या बाजूनं घास चावला आणि जागेवरच उभा राहिला. मग दुसऱ्या बाजूनं चावू लागला. मग मऊ तेवढंच खाऊ लागला. मामी म्हणाली, "तब्येतीला जपताय वाटतं." मामा म्हणाला, "वयानुसार."

काही दिवसांत जिभेला कळलं, स्क्रू डुगडुगतोय.

आता इथं कुणाही शहाण्या माणसानं भाचीला फोन केला असता. मामानं चष्म्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर काढला, न्हाणीघराच्या आरशासमोर जबडा फाकवला आणि एक डोळा मिटून नेम धरला. ढिल्या स्क्रूचं आपण दुसरं करतो तरी काय?

"अहो!" दारात मामी. "ते कपाट आहे का?"

"धोडा घट्ट कदतो," मामा म्हणाला.

"घट्ट करतात म्हणे! आधी खाली ठेवा ते. पोरीसाठी एवढे मुके राहिलात, आता तिच्याच कामात स्क्रूड्रायव्हर घालताय?"

मुका राहिलो हे हिला कधी कळलं, असं विचारायचीही मामाला लाज वाटली. डाव्या बाजूनं जेवणारा नवरा कुठल्या बायकोला कळत नाही?

मामीनं त्याला थेट दवाखान्यात नेलं. भाचीनं एक्स-रे फोटो काढला आणि पडद्यासमोर बराच वेळ उभी राहिली. तिचा चेहरा उतरत गेला. स्क्रूचं टोक दाढेच्या शेजारच्या दाताच्या मुळाला खेटलं होतं.

"माझाच हात चुकला," ती हळू म्हणाली. "मला जड लागलं होतं. मी थांबायला हवं होतं."

ज्या हाताला जपायला मामा गप्प बसला, तोच हात आता ती पाठीमागे लपवत होती.

"तू थांबलीस की," तो म्हणाला. "विचारलंस. मीच अंगठा दाखवला. दुखलं होतं, पोरी. अशी कळ आली होती की आजोबा आठवले."

"मग हात का नाही वर केलास?"

"तू घाबरशील म्हणून. आणि मी भित्रा दिसेन म्हणून. खरं सांगू? दुसरंच जास्त."

भाचीनं डोळे पुसले, आणि मग चांगलीच भडकली. "तुला काय वाटलं, मी गिऱ्हाइकाचं मत विचारत होते? तुझी कळ म्हणजे माझं हत्यार होतं, मामा! मुळाचं सालच खरवडलंय असं दिसतंय. स्क्रू काढला की ते बहुतेक भरून येतं, पण लक्ष ठेवावं लागेल. तू घट्ट करत आत घातला असतास तर दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेला असता, मग दातावर पाणी सोड!"

स्क्रू तिनं काढला. पिळाला लाल ओल होती. मामानं तो तळहातावर घेतला आणि त्याला वाटलं, एवढ्याशा जिवानं आपली सगळी ऐट उलगडून ठेवली.

दुखणं थांबल्यावर, पुन्हा फोटो काढून, तिनं दुसरी जागा ठरवली. खुर्ची मागे झुकली. भाचीनं हातमोजे चढवले आणि मामाचा हात वर.

"अजून मी काहीच केलं नाहीये!"

"तालीम करतोय."

मग खरोखरच फिरवणं सुरू झालं. मामानं डोळे मिटले, कान जबड्याला लावले. थोडं आत गेल्यावर, अगदी पुसटशी, कळ म्हणावी का न म्हणावी अशी. मामाचा अंगठा सवयीनं उठू लागला. त्यानं तो मुठीत दाबला आणि अख्खा हात वर केला.

भाची थांबली. तिनं स्क्रू उलटा फिरवला, कोन बदलला. मास्कच्या आतून, फार बारीक आवाजात, ती गुणगुणत होती: फिर गं बाई हळूहळू.

मामाच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"दुखतंय?"

मामानं नाही म्हणून मान हलवली. या वेळी ते खरं होतं.