घोंगड्यावरचा निकाल

गंगाखेडच्या एका कॉलेजात वेशभूषा स्पर्धा होती. विषय होता चीनमधल्या निरनिराळ्या जमातींचे पोशाख. तो कुणाला सुचला, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात शिवरंजनीला मियाव जमात आली. तिने त्यांचा चांदीचा मुकुट पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाचा केला. पेडगावच्या दैवशालाच्या चिठ्ठीत यी जमात निघाली. डोंगरात मेंढरं राखणारी, खांद्यावर काळ्या लोकरीचं झालरीचं पांघरूण घेणारी माणसं. फोटो बघताच तिने मेंढपाळ वडिलांकडे, ग्यानबांकडे, घोंगडं मागितलं.

"घोंगडं एकटं कुठं जात न्हाई, मी बी येतो," ग्यानबा म्हणाले. "पन कुनी हसलं, तर त्या कालेजाची पायरी तू पुन्ना चढायची न्हाई."

दैवशाला शेवटच्या वर्षाला होती.

तीन रंगांच्या घेराचा परकर नेसून आणि गळ्याशी गाठ मारलेलं घोंगडं घेऊन ती मंचावर आली. सभागृहात खुसखुस सुरू झाली. ग्यानबांनी मान वळवून कोण हसतंय ते नीट बघून घेतलं.

"हे चीनचं कुठलं? आपलं घोंगडं आहे. बाद," परीक्षक चंद्रभान सर म्हणाले.

"सर, तिथं बी मेंढरंच हायती," दैवशाला म्हणाली.

तेवढ्यात ग्यानबा मंचावर चढले. लेकीच्या खांद्यावरचं घोंगडं उतरवून त्यांनी ते जमिनीवर अंथरलं. "निवाडा करा सायेब, पन ह्याच्यावर बसून. आमच्यात तसाच करतेत. वहाना काढा. आन् ह्याच्यावर बसल्यावर खोटं बोलायचं नसतंय."

सर बूट काढून बसले. लोकर टोचायला लागली.

"यी लोकायचा पोशाख तुमाला ठाव हाय का?"

सरांनी सवयीने 'हो' म्हणायला तोंड उघडलं, पण निघालं, "नाही."

दैवशालाने मोबाइल पुढे केला. डोंगरउतारावर एक म्हातारी, मागे मेंढरं, खांद्यावर तेच काळं पांघरूण. सरांनी फोटो मोठा करून झालर बघितली.

"पहिला नंबर, दैवशाला," ते म्हणाले. "आणि खरं सांगायचं तर गेल्या वर्षीचा निकालसुद्धा..."

प्राचार्यांनी धावत येऊन त्यांना दंडाला धरून उठवलं.

टाळ्या थांबेनात. घोंगड्याला हात लावायला पोरंपोरी मंचाकडे निघाली, आणि पायऱ्यांशी चपलांचा ढीग पडला. सगळ्यात वर शिवरंजनीच्या उंच टाचा होत्या.

ग्यानबा लेकीला म्हणाले, "उद्या तास कितीला हाय गं?"