कवितेच्या मध्यावर मी गप्प झालो

मित्रांनो, वाचनालयाच्या अडगळीत, मोडक्या खुर्च्यांच्या मागे एक जुना माईक पडलेला दिसला, तर तो मी. माझी जाळी चेपली आहे, गळ्याला चिकटपट्टी आहे. एके काळी मात्र माझा रुबाब होता.

कारखान्यात मी तयार झालो, तेव्हा तिथल्या बाईनं माझ्यावर फुंकर घातली आणि म्हणाली, "कान तिखट आहेत याचे." त्याच तोऱ्यात मी या वाचनालयाच्या सभागृहात आलो. इथे दर महिन्याला बायका कविता वाचायच्या. कुणी लाजत, कुणी आधी दहादा खाकरून.

त्यांतली एक शिवणकाम करायची. तिच्या बाहीला नेहमी दोरे चिकटलेले असत. तिचा नवरा वायरमन. माझी वायर, माझा खटका, सगळं त्याच्या हातात. ती त्याच्याकडे बघत वाचायची:

"तू दारात चपला काढतोस
आणि घराला जाग येते."

"नशीब काढलंस बाबा," लोक त्याला चिडवायचे. तो मान खाली घालून हसायचा.

एकदा ती हीच कविता वाचत होती. मागच्या रांगेतली एक परिचारिका उभी राहिली. "ताई, ही कविता तुमची आहे? मला तर ही यांनी दिली होती, स्वतः लिहिली म्हणून. लग्न झालेलं नाही, असंही म्हणाले होते." तिचं बोट वायरमनकडे होतं.

शिवणकामवाली कागद तिथेच ठेवून निघून गेली. त्याच दिवशी ती आईकडे राहायला गेली, असं पुढे कानावर आलं.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा माझ्यापुढे उभी राहिली. आवाज कापत होता, पण रडवेला नव्हता.

"शब्द नेलेस, ने.
पण दुसऱ्या दारात ठेवताना
हात कसा नाही पोळला तुझा?"

पुढची ओळ तिच्या ओठांवर होती, इतक्यात नवऱ्यानं खटका दाबला. मित्रांनो, खटका त्यानं दाबला, पण गप्प मी झालो. तिचा गरम श्वास माझ्या जाळीवर येत होता आणि मी ठोंब्यासारखा उभा. ते अजून माझं मन खातं.

तिनं मला हातानं बाजूला सारलं. परिचारिकेनं उठून पंखे बंद केले. मग मंचाच्या कडेला येऊन शिवणकामवालीनं उरलेली कविता मोकळ्या गळ्यानं वाचली. शब्द न् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

सगळे गेले, ती मात्र थांबली. वायर गुंडाळता गुंडाळता नवरा तिला म्हणाला, "माईक बंद पडला."

"पडला नाही, पाडलास."

त्यानं वायर खाली ठेवली. "हो. लाज वाटली मला."

"लाज तुझी होती. मग दाबलास तो माझा आवाज का?"

त्यानं ते काम सोडलं. ती त्याच्याकडे परत गेली नाही, मात्र दर महिन्याला वाचायला येत राहिली. तो कधीमधी येऊन दाराबाहेर उभा राही आणि कविता संपली की निघून जाई. आत ये, असं ती कधी म्हणाली नाही.

आता नवे माईक आले आहेत. मित्रांनो, त्यांना धुळीपासून जपा, वायर पिळू नका. आणि एक मागणं आहे. कुणी रागानं खरं बोलत असेल आणि ते तुमच्याविषयीच असेल, तर तुमचा हात खटक्याकडे जाईल. तेवढा हात आवरा. खटका दाबणाऱ्याचं मन पुढे स्वस्थ राहत नाही. आणि गप्प बसणाऱ्याचंही.