ओठांतल्या टाचण्या

"गाल फुगवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तिनं फुगवले.

"डोळे घट्ट मिटा. आता दात दाखवून हसा."

हुकमावर हसू कुणाला येतं? तरी तिनं दात दाखवले. चेहरा फोटोला बसल्यासारखा.

"छान, सगळं हलतंय. शुद्धीवर आलात की पुन्हा हेच करायचं."

म्हणजे सगळं न हलण्याचीही शक्यता होती तर.

डाव्या कानाखाली, लाळेच्या ग्रंथीत तिला गाठ होती. आधी शर्टाच्या बटणाएवढी, मग कोटाच्या. गाठ साधी होती, कॅन्सर नव्हता, पण वाढत चालली होती. कानामागे, केसांच्या कडेला छोटासा छेद द्यायचा, आत दुर्बीण घालायची आणि गाठ तेवढी अलगद काढायची. व्रण दिसणारसुद्धा नाही. अडचण एकच होती. चेहरा हलवणारी नस तिथूनच जात होती.

"नस सांभाळायला मशीन असतं," डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. "तरी कधी ती दुखावते, ओठ कमजोर होतो. बहुतेकांचा परत सुधारतो."

बहुतेकांचा. तो शब्द तिला रात्रभर टोचत राहिला.

तिचं अख्खं शिवणकाम ओठांवर चालायचं. ओठांत टाचण्यांची रांग धरून ती गिऱ्हाइकाच्या पायाशी बसायची, एकेक काढून घेराला लावायची आणि ओठांच्या एका कोपऱ्यातून बोलायची, "सरळ उभी राहा. पोट आत घेऊ नकोस, घरी गेल्यावर ते बाहेरच येणार आहे." गल्लीतली पोरं तिला साळिंदरमावशी म्हणायची. तिला ते आवडायचं.

डॉक्टरीणबाई गेल्यावर धाकट्या बहिणीनं पिशवीतून काहीतरी काढलं. धाकटी तिच्याच दुकानात काजं-बटणं करायची. लाल मखमलीची, मनगटाला बांधायची टाचण्यांची गादी होती ती.

"हे कशाला?"

"सहज."

"सहज कसलं? माझा ओठ लुळा पडणार, हे तू ठरवूनच टाकलंयस."

"ताई, मी गादी शिवलीय, तुझं नशीब नाही."

तिनं ती पिशवीच्या तळाशी कोंबली.

स्ट्रेचर निघालं. छतावरचे दिवे एकामागून एक मागे सरकू लागले. धाकटी शेजारून चालत होती.

"घाबरलीस?"

"छे."

"मग माझं बोट सोड. काळंनिळं पडलंय."

तिनं सोडलं नाही. दारापाशी नर्सनंच ते सोडवलं.

आत गारठा होता. मास्क तोंडावर यायच्या आधी ती एवढंच म्हणाली, "बाई, जपून कापा." आणि घाईघाईनं ओठ एकमेकांवर घट्ट दाबून बघितले. शेवटचंच असावं तसं.

"हसा," कुणीतरी खूप लांबून म्हणालं.

ती हसली. डॉक्टरीणबाईंची नजर तिच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर क्षणभर थांबली. धाकटी उगाच चादरीची घडी सारखी करू लागली.

"गाठ पूर्ण निघाली. डोळा मिटतोय, नस शाबूत आहे. ओठाकडे जाणारी बारीक फांदी तेवढी दुखावलीय. ओठाची ताकद येईल परत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कधी, ते तिनं विचारलं नाही. उत्तराचीच भीती वाटली.

टाके निघाल्यावर तिनं दुकान उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक एक छोटी मुलगी, आईबरोबर आलेली, नव्या फ्रॉकमध्ये. ती मुलीच्या पायाशी बसली. हात सवयीनं डबीकडे गेला आणि टाचण्या ओठांत.

एक टाचणी फरशीवर टिणकन पडली. मग दुसरी.

"साळिंदरमावशी," मुलगी खाली वाकून म्हणाली, "तुमचे काटे गळतायत."

आईनं मुलीवर डोळे वटारले. धाकटीचा हात काजावर तसाच थांबला. तिला स्वतःला समोरच्या आरशात बघायचा धीर होईना.

उरलेल्या टाचण्या तिनं ओठांतून काढून तळहातावर घेतल्या. मग मागे न बघता डावं मनगट धाकटीकडे लांब केलं.

धाकटी उठली. खणातून लाल गादी काढली आणि बांधली.

"सरळ उभी राहा," साळिंदरमावशी मुलीला म्हणाली. "पोट आत घेऊ नकोस."

तोंडात एकही टाचणी नव्हती. तरी शब्द आले ते नेहमीसारखेच, ओठांच्या एका कोपऱ्यातून.