एकोणिसाव्या भागातले अकरा सेकंद

दुरुस्तीवालीने व्हिडिओ टेपची झडप अंगठ्याने उचलली आणि टेप नाकाशी नेली.

"बुरशी नाहीये. लेकरासारखी जपलीत की हो सर."

"लेकरं मला नाहीत," तो म्हणाला. "एकोणिसावा भाग लावा. चौदाव्या मिनिटापासून."

दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली होती. फळ्यांवर पोटं उघडी पडलेली यंत्रं एकमेकांना खेटून बसली होती, आणि बाईंनी पुढे केलेल्या स्टुलावर न टेकता तो उभाच राहिला. जुन्या हस्तलिखितांच्या प्रती एकमेकींशी ताडून मूळ पाठ कोणता आणि घुसडलेला कोणता, हे ठरवण्यात त्याची हयात गेली होती. विद्यापीठातले सहकारी त्याला पाठीमागे 'पाठभेद' म्हणत. त्याने त्यांच्या इतक्या चुका छापून दाखवल्या होत्या, की चहाच्या वेळी त्याच्या टेबलाशी कोणी बसत नसे. हे आपल्याला सोयीचंच आहे, असं तो सांगे. विचारणारं कोणी नसल्यामुळे स्वतःलाच सांगे.

पण ज्या संहितेवर त्याचा खरा जीव होता, ती ताडपत्रावर नव्हती. 'शेवटून दुसरं स्टेशन' ही ती सव्वीस भागांची जपानी ॲनिमे मालिका. जिथे एकही गाडी थांबत नाही अशा स्टेशनात एक मुलगी रोज सिग्नलचा दिवा लावते, एवढंच कथानक. एकोणिसाव्या भागात ती फलाटाच्या पायरीवर बसते आणि अकरा सेकंद काहीही होत नाही. संगीत नाही, वारा नाही, तिची पापणीही लवत नाही. चाळीस वर्षांपूर्वी, वसतिगृहाच्या सामाईक खोलीत एकट्याने बसून त्याने ते पाहिलं, तेव्हा जगात कोणीतरी आपल्याला ओळखून आहे, अशी त्याची खात्री पटली होती.

पुढे मालिकेची डिस्क निघाली. तीत ते अकरा सेकंद नव्हते. मग 'संपूर्ण संच' निघाला; संपूर्णातही नव्हते. मग रीमेक आला, आणि त्यात त्या मुलीला एक बोलकं मांजर देण्यात आलं, कारण एकटं माणूस बघायची सवय प्रेक्षकाला राहू नये अशी बाजाराची इच्छा असते. त्या मांजरावर त्याने चाहत्यांच्या मंचावर लिहिलेल्या लेखाला बारा हजार शब्द आणि एकशे चार तळटीपा होत्या. 'गुरुजी, मांजर मेलं हो,' असं कोणीतरी खाली लिहिलं होतं. त्यावर त्याने मांजराच्या भूमिकेविषयी आणखी एक तळटीप जोडली.

आणि आता, तो सगळा थयथयाट वाचून, एका कंपनीच्या संपादिकेने त्याला विचारलं होतं. जुनी मालिका आणि रीमेक एकाच पेटीत निघणार होते. भाड्याने मिळणाऱ्या जुन्या टेपा आता कुठेच शिल्लक नाहीत. तुमच्या प्रतीत ते अकरा सेकंद असतील, तर आम्ही ते परत घालू आणि सोबतच्या पुस्तिकेत तुमचा लेख छापू. शुक्रवारपर्यंत कळवा. गेल्या नऊ वर्षांत त्याच्याकडे आपणहून कोणी काही मागितलं नव्हतं.

पडद्यावर मुलगी पायरीवर बसली. तो श्वास धरून राहिला. अकरा सेकंद झाले, ती उठली.

"हे?" दुरुस्तीवालीने विचारलं.

"हेच. चित्र किंचित थरथरतं, पाहिलंत? दिवा धरलेल्या हाताचा तो कंप आहे. त्यावर माझं दीड पान आहे."

बाईंनी टेप मागे नेली, पुन्हा लावली, पुन्हा मागे नेली. मग पडद्याच्या वरच्या कडेवर नख टेकवलं.

"सर, रागावू नका हं. ही पांढरी रेघ बघा. ती बसते तेव्हा येते, उठते तेव्हा जाते. आणि कान द्या. शांत सीन असला तरी टेपची खरखर असते मागे. इथे तीही कापल्यासारखी बंद. आणि हात एकटाच नाही, मागची भिंतसुद्धा थरथरतेय. कोणीतरी पॉज दाबलाय. दोन मशीनं जोडून टेप उतरवताना दाखवणारं मशीन थांबवलं, उतरवून घेणारं थांबवायचं राहिलं. फार व्हायचं हो असं तेव्हा."

त्याने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा न घालता हातात धरला.

"ती रेघ मी पुसून देते," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "थोडी खरखर भरते मधे. कोणाच्या बापाला कळणार नाही."

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

ही तीच चूक होती जिच्यावर तो दर वर्षी पहिलं व्याख्यान देई. लेखनिकाला डुलकी लागते, हात घसरतो, आणि पुढे कोणी विद्वान त्या डागात कवीचा हेतू शोधत बसतो. विद्यार्थी हमखास हसत.

लेखनिक हयात होती. वसतिगृहात त्याला टेपा टपालाने पाठवायची ती त्याची थोरली बहीण. आई गेली त्या आठवड्यात ती त्याला म्हणाली होती, "त्या कार्टूनमधली पायरी न् पायरी तुला पाठ, आणि आईच्या गोळ्यांची वेळ माहीत नाही." विधान चुकीचं असतं तर त्याने खोडून काढलं असतं. ते अचूक होतं, म्हणून पाच वर्षं तो गप्प होता. दुपारी जेवण न करता त्याने तिला फोन लावला.

"कोण गेलं?" ताईने उचलताच विचारलं.

"कोणी नाही."

"मग?"

"एक माहिती हवी होती. तू मला टेपा उतरवून पाठवायचीस..."

"धन्य आहे बाबा तुझी! पाच वर्षांनी फोन, तो पण कार्टूनसाठी."

"ॲनिमे."

"तेच ते. बोल."

त्याने परीक्षेत विचारावं तसं विचारलं. मशीनं किती होती, कोणतं कुठे जोडलेलं, एकोणिसाव्या भागाच्या मध्यावर खंड का पडला. पलीकडे टीव्ही चालू होता. तो तिने बंद केला.

"एक आपलं, एक शेजारच्या काकूंचं. आणि मधे तुझा फोन आला."

"मी रविवारी संध्याकाळी करायचो."

"त्या दिवशी भर सकाळी केलास. त्या वेळी कोणाचाच फोन येत नसे. आपलं मशीन थांबवलं, धावले. तू बोलेनास. मी आपली हॅलो हॅलो करतेय, तेवढ्यात काकूंच्या मशीनचा लाल दिवा दिसला. म्हटलं, थांब रे, ते चालूच राहिलंय. ते बंद करून आले तर तू रडत होतास."

"मी?"

"नाही, मशीन! घरी यायचं म्हणालास. इथे माझ्याशी कोणी बोलत नाही म्हणालास. तासभर बोललो असू आपण."

त्याला आठवत नव्हतं. फलाटाला पायऱ्या किती होत्या ते आठवत होतं. सात.

"मग ते पुन्हा उतरवायला हवं होतंस," तो म्हणाला. आवाज त्याला हवा तितका कोरडा निघाला नाही.

"कंटाळा आला. म्हटलं, कोणाच्या लक्षात येतंय!" ती हसली, आणि मग हसणं मधेच थांबलं. "बरं, ठेवते. गॅसवर दूध आहे."

तो टेबलाशी बसला. त्याने कागद सरळ केला. मग संपादिकेला उत्तर लिहायला घेतलं. ते अकरा सेकंद मूळ कृतीत नाहीत. प्रत करताना शिरले आहेत. ते पेटीत घेऊ नयेत. माझा लेखही घेऊ नये. त्याने हे एका दमात, एकही शब्द न खोडता लिहिलं. दुसऱ्या कोणा विद्वानाविषयी लिहिताना त्याचा हात असाच चाले.

खाली 'आधार' लिहून त्याने लेखनिकाची साक्ष दोन ओळींत नोंदवली, आणि थांबला. विद्यार्थ्यांसाठी त्याने स्वतः केलेल्या नियमावलीत सातव्या कलमात एक अट होती. साक्षीदार हयात असेल, तर त्याचं म्हणणं त्याला वाचून दाखवून, संमती घेऊनच उद्धृत करावं. ती पाळायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. त्याचे सगळे साक्षीदार तीनशे-चारशे वर्षांपूर्वी वारले होते.

त्याने पुन्हा नंबर लावला.

"आता काय राहिलं?" ताई म्हणाली.

"तू जे सांगितलंस ते लिहून घेतलंय. तुला वाचून दाखवायला हवं. चुकत असेन तर मधेच थांबव."

"किती आहे?"

त्याने कागदावरच्या दोन ओळींकडे पाहिलं.

"बरंच आहे," तो म्हणाला.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.