एझराचा उत्तररंग

प्रतिमाकाकूंना फुटबॉल कळत नव्हता. त्यांना कळायचं कीर्तन. मिरजेला देवळात बुवा उभे राहिले की काकू पहिल्या रांगेत, आणि घरी येऊन भात टाकता टाकता अख्खं निरूपण पुन्हा करून दाखवायच्या. मुलाकडे, सिद्धेशकडे, नेपरव्हिलला राहायला आल्या तेव्हा त्यांची निम्मी बॅग कीर्तनाच्या कॅसेटनीच भरली होती. त्यामुळे शेजारचा एझरा टॉलिव्हर हा व्यावसायिक फुटबॉलपटू आहे, मोसमात दर रविवारी टीव्हीवर दिसतो, हे सिद्धेशने डोळे मोठे करून सांगितलं तेव्हा काकूंनी एवढंच विचारलं, "गातो का?"

"आई, तो फुटबॉल खेळतो. अमेरिकन फुटबॉल."

"ऐकलं मी. गातो का?"

तर तो गायचा! बर्फ पडलं की स्वतःचा ड्राइव्हवे साफ करून झाल्यावर एझरा यांचाही करायचा, आणि फावडं मारता मारता इतक्या खालच्या पट्टीत गायचा की खिडकीची तावदानं थरथरायची. माणूस दार भरून टाकेल एवढा, आवाज मात्र मऊ, गरम भातावर तूप सोडल्यासारखा. काकू शाल गुंडाळून दारात येऊन उभ्या राहिल्या. "अबोली, विचार गं त्याला, कुठलं पद आहे हे?"

सुनेने विचारलं. पद त्याच्या चर्चमधलं होतं. मोसम संपलेला, त्याचे रविवार मोकळे. त्याने लगेच आमंत्रण दिलं, आणि काकू खरंच निघाल्या, नऊवारी, वर कोट, पायात बर्फाचे बूट.

तिथले पास्टर आधी साधं बोलायला लागले, ओसरीवर बसल्यासारखं. मग एक वाक्य पुन्हा आलं. परत आलं तेव्हा त्याला सूर लागला होता. कोपऱ्यातल्या ऑर्गनवाल्याने तो सूर अलगद उचलला, आणि बघता बघता बोलणं कुठे संपलं नि गाणं कुठे सुरू झालं, कळेना. लोक बसल्या जागेवरून हुंकार देत होते, हात उंचावत होते. काकूंना निम्मी भाषा समजली नाही, पण डोळ्यांना धार लागली. "अगं, हे तर कीर्तन!" त्यांनी अबोलीचा हात दाबला. "आणि पेटीवाला बघ किती तयारीचा आहे!"

तेव्हापासून एझरा आणि काकूंचं जमलं ते जमलंच. तो त्यांना 'मिस प्रतिमा' म्हणायचा, त्या त्याला 'बाळा'.

ज्याचं गाणं आवडतं त्याचं कामही बघायला हवं, म्हणून पुढच्या मोसमात काकू टीव्हीसमोर बसायला लागल्या. सिद्धेश समजावून थकला. "तो चेंडू घेऊन कधी पळतो?" "पळत नाही गं, तो डिफेन्सचा." "मग टाकतो तरी?" "टाकतही नाही." शेवटी काकूंनी एझरालाच जेवायला बोलावलं आणि पहिलं थालीपीठ वाढता वाढता विचारलं, "बाळा, तू नक्की करतोस काय?"

एझरा हसला. त्याने मिठाची बाटली मध्ये ठेवली. "हा चेंडू. मी त्याच्या अगदी समोर. चेंडू हलला की त्यांची दोन माणसं मला ढकलायला येतात. मी हललो नाही की त्यांची दोन माणसं माझ्यावरच खर्च होतात. मग माझ्या मागे उभा असलेला आमचा गडी मोकळा राहतो. चेंडू घेऊन पळणाऱ्याला तो पाडतो."

"आणि टाळ्या?"

"त्याला."

"आणि तू कुठे असतोस?"

"खाली. सगळ्यांच्या खाली, मिस प्रतिमा." आणि तो असा गडगडून हसला की मिठाची बाटली आडवी झाली.

काकू मात्र हसल्या नाहीत. "अबोली, सांग त्याला. म्हणावं, तू झीलकरी आहेस. बुवांच्या मागे उभं राहून जो पद धरून ठेवतो ना, तो. तो नसेल तर बुवांना श्वास घ्यायलाही जागा मिळत नाही."

अबोलीला हे इंग्रजीत सांगायला बराच वेळ लागला. सांगून झाल्यावर एझराने पुढचं थालीपीठ फार सावकाश खाल्लं.

त्याची कहाणी त्यांना हळूहळू कळत गेली. मिसिसिपीतल्या एका लहान गावचा पोरगा. कॉलेजातून मोठे संघ खेळाडू निवडतात तेव्हा त्याला कुणी हात लावला नव्हता. चाचणी द्यायला स्वतःची खटारा गाडी चालवत आला, तीही वाटेत दोनदा बंद पडलेली. पहिलं वर्ष सरावात मार खाण्यात गेलं. मग मधल्या माणसाचा खांदा निखळला, एझरा त्याच्या जागी उभा राहिला आणि तिथून वर्षानुवर्षं हटला नाही. हाताची बोटं वेड्यावाकड्या काटक्यांसारखी झाली. तापात खेळला, वडील गेले त्या आठवड्यात खेळला. वर्तमानपत्रांत नाव आलं तर शेवटच्या ओळीत. पण सामना संपला की समोरच्या संघातले थोराड गडी मुद्दाम मैदान ओलांडून येत आणि त्याचा हात हातात घेऊन उभे राहत. सिद्धेश म्हणायचा, "आई, ज्यांना कळतं ना, ते त्यालाच बघतात."

अकराव्या मोसमाच्या शेवटी मात्र गुडघा गेला. ऑपरेशन झालं. वसंतात एझरा काठी घेऊन चालायचा, आणि गल्लीतले लोक दबक्या आवाजात म्हणायचे, संपलं आता. फावडं नाही, बर्फ नाही, गाणंही नाही.

जूनमध्ये चर्चने त्याचा सत्कार ठेवला. तो वर्षानुवर्षं तिथल्या गरजूंसाठी शिधा पोचवायचा, त्याबद्दल. काकूंनी आदल्या दिवशी परसातले सगळे झेंडू तोडले आणि जाडजूड माळ ओवली. नारदीय कीर्तनाची रीत त्यांच्या हाडीमाशी भिनलेली: आधी पूर्वरंग, त्यात बुवा निरूपण करतात, तो संपला की थोडं थांबायचं, बुवांना माळ घालायची, कपाळी बुक्का लावायचा, आणि मग उभा राहतो उत्तररंग, म्हणजे आख्यान, ज्यासाठी सगळे बसलेले असतात. काकूंच्या मनात हिशेब सरळ होता. एझराची अकरा वर्षं झाली, पूर्वरंग छान रंगला. आता जरा थांबणं आलंय. माळ घालायची हीच वेळ.

पास्टरांनी एझराला पुढे बोलावलं. काकू तुरुतुरु चालत गेल्या, तो गुडघा सांभाळत वाकला, त्यांनी माळ घातली, बुक्का लावला आणि मराठीत म्हणाल्या, "आता आख्यान लाव." ऑर्गनवाल्याने हळवा सूर धरला. सगळं चर्च उभं राहिलं. बायका रुमाल डोळ्यांना लावत होत्या. काकूंना वाटलं, किती रसिक माणसं ही!

मंगळवारी गावातलं वर्तमानपत्र ड्राइव्हवेवर पडलं. अबोलीने ते उघडलं आणि चहाचा कप तसाच खाली ठेवला. पहिल्या पानावर फोटो, वाकलेला एझरा आणि माळ घालणाऱ्या काकू. वर मथळा: 'फुलांच्या माळेने एझराला निरोप'. खाली लिहिलं होतं की शेजारच्या वृद्ध भारतीय महिलेने आपल्या प्राचीन प्रथेप्रमाणे त्याला निवृत्तीचा आशीर्वाद दिला.

"आई," अबोली म्हणाली, "तुम्ही त्याला रिटायर करून टाकलंत."

"काय? कुणी? मी?"

"तुम्ही. फोटोसकट."

काकू खुर्चीत बसल्या. "अगं, मध्यंतराची माळ होती ती!"

"हे तुम्हाला माहीत, मला माहीत. शिकागोला, त्याच्या संघाला, कुणी सांगायचं?"

सिद्धेश कामावरून आला तो आणखी वाईट बातमी घेऊन. रेडिओवर सांगत होते, संघाने मधली जागा टेरेल नावाच्या तरण्याबांड पोराला देऊन टाकली. काकूंनी ताट बाजूला सारलं. ज्या जागेसाठी एझराने अकरा वर्षं हाडं झिजवली, ती आपण एका माळेपायी घालवली. "चल," त्या सुनेला म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता त्याच्याकडे."

एझरा मागच्या अंगणात पायरीवर बसला होता. वर्तमानपत्र शेजारी पडलेलं. काकूंनी हात जोडले आणि बोलायला लागल्या त्या थांबेचनात. अबोली मागे मागे इंग्रजी करत धावत होती. निरूपण, माळ, बुक्का, आख्यान, सगळं आलं. "आमच्याकडे शेवट झाला की आरती असते रे बाळा! माळ घालतात ती पुढचं ऐकायचंय म्हणून घालतात!"

एझरा खाली बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. काकूंना वाटलं, रडतोय. तो हसत होता. हसता हसता त्याने खरंच डोळे पुसले.

"मिस प्रतिमा, एक सांगू? सोडावं की खेळावं, मला ठरवता येत नव्हतं. आज सकाळी हा मथळा वाचला आणि मला इतका राग आला, इतका राग आला की काठी हातात नाही हे मला फाटकापाशी पोचल्यावर कळलं." त्याने वर्तमानपत्र बाजूला सारलं. "मला नाही जायचं अजून. कोचला फोन केला. तो म्हणाला, जागा टेरेलची. तुला यायचं तर ये, बाकावर बस."

"आणि तू?"

"म्हटलं, येतो."

सराव शिबिरात एझराने जे केलं ते ऐकून सिद्धेशने कपाळावर हात मारून घेतला. तो रोज सरावानंतर टेरेलला थांबवून घ्यायचा आणि आपली सगळी विद्या त्याला द्यायचा. समोरच्याच्या जमिनीवर टेकलेल्या बोटांचा रंग बघ, पांढरी पडली की तो पुढे झेपावणार. पाऊल आधी टाक, खांदा नंतर. दोघं आले की दोघांशी भांडू नकोस, एकाच्या कमरेत बस.

"यार, स्वतःच्या जागेवर बसलेल्याला कुणी शिकवतं का?" सिद्धेश एझराला तोंडावरच म्हणाला.

"मला जागा हवी आहेच," एझरा म्हणाला. "पण तो कच्चा राहिल्यामुळे मिळाली, तर ती कसली जागा?"

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. काकू टीव्हीवर बाक शोधायच्या. कधीतरी डोक्यावर टॉवेल घेतलेला एझरा क्षणभर दिसायचा, बाजूला उभा राहून टेरेलला ओरडून काहीतरी सांगताना. टेरेल चांगला खेळत होता. दर आठवड्याला अधिक चांगला. म्हणजे एझराची जागा दर आठवड्याला अधिक लांब जात होती, आणि ती लांब ढकलत होता तो एझराच. काकू रोज देवापुढे बसल्या की टेरेलचं वाईट चिंतायचं नाही असं स्वतःला बजावायच्या, आणि मग एझरासाठी मागायचं तरी काय, ते त्यांना सुचायचं नाही.

डिसेंबर उजाडला. मोसमातला शेवटचा सामना. भुरभुर बर्फ. आपला संघ जेमतेम पुढे, घड्याळात काही क्षण उरलेले, आणि समोरच्यांचा चेंडू आपल्या गोलरेषेपासून हातभर अंतरावर. एकच डाव शिल्लक. ढकलून आत गेले की सगळं गेलं.

कोचने वेळ मागून घेतली. बाजूला घोळका झाला. टीव्हीवर दिसलं ते असं: टेरेल कोचच्या समोर उभा राहून हातवारे करत होता, बाकाकडे बोट दाखवत होता. कोचने मान हलवली. टेरेल हटला नाही. आणि मग बाकावरून एक मोठा माणूस उठला, टॉवेल टाकला, डोक्यावर शिरस्त्राण चढवलं.

"आई! आई, एझरा येतोय! दोघांना उभं करतायत, दोघांना!"

काकू उठून टीव्हीच्या इतक्या जवळ गेल्या की अबोलीला त्यांना पदराला धरून मागे ओढावं लागलं. एझरा मधोमध, चेंडूसमोर, हात जमिनीला टेकवून वाकलेला. टेरेल त्याच्या खांद्यामागे, पाऊलभर बाजूला. एझराने मान वळवून त्याला काहीतरी म्हटलं.

चेंडू हलला. एझरावर दोघं तुटून पडले, मग तिसराही. सगळा ढीग वीतभर मागे सरकला, तिथेच अडकला, आणि एझराच्या कुशीतून जी फट उघडली तिच्यातून टेरेल गोळीसारखा सुटला. पळणारा गडी त्याच्या अंगाखाली बर्फात आडवा झाला. रेष राहिली.

टीव्हीवरचा माणूस टेरेल, टेरेल असं ओरडत होता. सिद्धेश सोफ्यावर उभा होता. मैदानभर लोक नाचत टेरेलकडे धावत होते, कॅमेरे त्याच्याकडे वळत होते, आणि टेरेल त्या सगळ्यांना हाताने बाजूला सारत उलटा चालला होता, त्या ढिगाकडे. एकेकाला तो ओढून काढत होता. वरचा निघाला, मधला निघाला. गुडघा! देवा, त्याचा गुडघा!

सगळ्यात खाली एझरा होता. टेरेलने दोन्ही हात पुढे केले. एझराने एक हात धरला, एक पाय रोवला, मग दुसरा. उभा राहिला. तोंडावर बर्फ आणि माती, आणि त्या मातीतून दात दिसतील एवढं हसू.

समोरच्या संघातले ते तिघं थोराड गडी हरले होते, तरी गेले नव्हते. ते थांबले होते, त्याचा हात हातात घ्यायला.

"उभा राहिला गं," काकू म्हणाल्या. "आपल्या पायावर उभा राहिला." आणि पदराने डोळे पुसत त्यांनी सुनेला फर्मावलं, "भाजणी काढ. तो भुकेला येईल. त्या टेरेललाही घेऊन ये म्हणावं."