सईच्या यकृतातली ओंजळ

फाल्गुन पेटला होता. कृष्णाकाठचा पांगारा पर्णहीन, रक्तपुष्पी, दाहक. आणि त्या आरक्त उजेडातून हेमांगी मंगल कार्यालयाच्या पायऱ्या चढत होती.

तिच्या एके काळच्या नवऱ्याची, प्रभंजनची, आज सुपारी फुटणार होती. वधू त्याचीच मामेबहीण, शर्वरी.

हेमांगीच्या डोळ्यांत मात्र सई होती, तिची आणि प्रभंजनची लेक. दोन वर्षांची, ज्वरदग्ध, अन्न सोडलेली सई. उजाडता उजाडता विझलेली सई.

नंतर डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवले होते. यकृतातले एक विकर, एन्झाइम. रेशीमगुंड्यासारखी वळलेली त्याची काया, आणि गाभ्यात इवलीशी ओंजळ. त्याच्या जुळ्या भावंडाच्या ओंजळीत कोलेस्टेरॉलचा पाया पडतो. याच्या ओंजळीत, अन्न नसते तेव्हा, कणाला कण जुळतो आणि मेदातून मेंदूचे इंधन घडू लागते. उपाशी जीव त्यावर तगतो.

सईची ओंजळ वाकडी घडली होती. कण येत, आणि न जुळताच निसटत.

"दोष दोघांकडूनही आलाय," डॉक्टर म्हणाले होते. "आईकडूनही, वडिलांकडूनही."

प्रभंजनने ते ऐकले आणि गिळले. घरी सासू गरजली, "पोर खाल्लीस, अवदसे!" तो मान खाली घालून उभा राहिला. हेमांगी उंबरा उतरली. तिचा शोक जळून गेला. उरला निखारा, फुंकलेला, जपलेला, धगधगता निखारा.

मांडवात सनई थबकली.

"पांढऱ्या पायाची! इथं कशाला आलीस?" प्रभंजनची आई, भागीरथीबाई, कडाडल्या.

हेमांगीने सासूकडे पाहिलेही नाही. "प्रभंजन, डॉक्टरांपुढं माझ्या शेजारी कोण बसलं होतं?"

त्याच्या चेहऱ्यावर राख पसरली.

"सांग शर्वरीला. तो दोष तुझ्याही रक्तात आहे. तो तुझ्या आईकडून आला असेल, तर ती त्याच माहेरची. तिच्यातही असला, तर तिचं लेकरूही माझ्या सईसारखं जाऊ शकेल."

"खरं आहे हे?" शर्वरीने विचारले.

त्याने पुन्हा मान खाली घातली. या वेळी ते साऱ्या मांडवाने पाहिले.

शर्वरीने ओटीतला नारळ पाटावर ठेवला. "ताई, रक्त कुठं तपासतात?"

"चल. मी नेते."

जाताना हेमांगीने एकदाच मागे वळून पाहिले. डोळे भरून, निर्दय, तृप्त.

भागीरथीबाई खाली बसल्या होत्या. स्वतःचेच मनगट न्याहाळत होत्या. हिरव्या काकणांखाली निळ्या शिरा. निळ्या, मुक्या, वाहत्या.